पायाची डॉपलर लिहून दिली आहे, पण कोणत्या शिरेची?

रामबागची_मीना | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

सासूबाई ७२ वर्षांच्या. साखर १९ वर्षांपासून, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. दिवाळीनंतर त्यांचा डावा पाय सुजायला लागला. आधी वाटलं, फराळाच्या गडबडीत फार वेळ उभ्या राहिल्या असतील. मग आतल्या घोट्याच्या जरा वर कातडी तपकिरी पडली, खाज सुटली आणि तिथेच एक जखम उघडली. दोन रुपयांच्या नाण्याएवढी. फार दुखत नाही, पण तीन आठवडे झाले, भरत नाही. सारखं पाणी झिरपतं. सकाळी चादरीवर डाग असतो आणि त्या आम्हाला कळू नये म्हणून स्वतःच चादर धुवायला टाकतात.

घरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं, 'कलर डॉपलर, डावा पाय'. म्हणजे पायातलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. सेंटरच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आर्टेरियल करना है या वीनस?" आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. हे म्हणाले, नस सुजलीय, नसांचीच करा. तिने वीनसची पावती फाडली, १,८०० रुपये. रिपोर्टमध्ये आलं की खोल शिरांमध्ये गुठळी नाही, मांडीतून घोट्यापर्यंत जाणाऱ्या लांब शिरेत रिफ्लक्स आहे. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पायातलं रक्त नीट वाहतंय, असंच आम्ही धरून चाललो.

काल ड्रेसिंगसाठी एका सर्जनकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बघितला, पावलावर बोटं ठेवून बराच वेळ नाडी चाचपली आणि म्हणाले, "ही शिरांची झाली. मला धमन्यांची हवी. ती बघितल्याशिवाय मी घट्ट पट्टा बांधणार नाही."

मग पहिली टेस्ट फुकट गेली का? दोन्ही लागतात का? आणि साखरेच्या पेशंटच्या पायाच्या शिरांचं चित्र काढून नेमकं कळतं तरी काय?

सुदामानगरचा_नंदू | शनिवार, रात्री ९:५८

ताई, आमच्या बाबांच्या वेळी डिट्टो हेच झालं होतं. फक्त उलट. त्यांची धमन्यांची झाली आणि गुठळी शिरेत निघाली. वाचतोय.

निळी_रेघ | शनिवार, रात्री १०:३५

मीनाताई, मी २२ वर्षं हेच काम करते, अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या पायांवर सोनोग्राफीचा प्रोब फिरवण्याचं. तुमची टेस्ट फुकट गेलेली नाही. अर्धीच झाली आहे.

इंदुरातल्या माणसाला हे समजावून सांगायचं तर मी नर्मदेच्या पाण्याचं उदाहरण देते. जलूदहून पंपाने चढवलेलं पाणी मोठ्या लाइनने शहरात येतं, ते जोराने येतं, लाइनमध्ये दाब असतो. त्या झाल्या धमन्या. हृदय हा पंप. वापरलेलं पाणी परत जायची नळी वेगळी, तिच्यात दाब जवळजवळ नाही. त्या शिरा. पावलापासून छातीपर्यंत रक्त वर चढवायचं, तेही दाब नसताना. म्हणून शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात आणि पोटरीचा स्नायू दाबून दाबून रक्त वर ढकलतो. झडपा सैल पडल्या की रक्त खाली उतरतं, घोट्याशी साचतं, कातडी तपकिरी होते, खाजते, फुटते. तुम्ही आतल्या घोट्यावरची जी जखम सांगितलीत ती मला वाचतानाच शिरेची वाटली. रिफ्लक्स म्हणजे हेच उलटं उतरणं.

आता शिरांच्या डॉपलरमध्ये आम्ही काय करतो? दोन कामं. पहिलं, गुठळी शोधणं. जांघेपासून सुरू करून बोटभर-बोटभर खाली येत प्रोबने शीर दाबतो. निरोगी शीर कागदासारखी चपटी होते. आत गुठळी असेल तर दाबली जात नाही. एवढं साधं आहे हे, रंगसुद्धा नंतर लावतो. दुसरं काम झडपा तपासण्याचं. त्यासाठी पेशंटला उभं करावं लागतं. पोटरी दाबून सोडायची आणि रक्त किती वेळ उलटं वाहतं ते मोजायचं. वरच्या शिरांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वाहिलं तर झडप गेली असं धरतो, मांडी-गुडघ्याच्या खोल शिरांमध्ये एक सेकंद.

एक विनंती. सासूबाईंची तपासणी उभं करून केली होती की झोपवून, ते आठवतंय का? झोपवून झडपांचा अंदाज नीट येत नाही.

आणि या सगळ्यात धमनीबद्दल एक अक्षर कळत नाही. १९ वर्षांची साखर आहे, सर्जन धमन्या बघायच्या म्हणतात ते अगदी बरोबर आहे. शिरेच्या जखमेवर घट्ट पट्टा हाच मुख्य इलाज. पण धमनीतून रक्तच कमी येत असेल आणि वरून पट्टा आवळला, तर उरलंसुरलं रक्तही थांबतं आणि बोटं काळी पडतात. मी असे पाय बघितले आहेत. तुमच्या सर्जनचे आभार माना.

रामबागची_मीना | शनिवार, रात्री १०:५२

उभं केलं होतं. त्यांना चक्कर येईल म्हणून मी दंडाला धरून उभी होते. पडद्यावर निळं होतं ते पोटरी सोडल्यावर लाल झालं आणि बराच वेळ लालच राहिलं. मला वाटलं लाल म्हणजे चांगलं रक्त. सासूबाईंनापण तेच सांगितलं.

निळी_रेघ | शनिवार, रात्री ११:०५

नाही ताई, निम्म्याहून जास्त नातेवाईक हेच समजतात, तुमची चूक नाही. लाल-निळा म्हणजे शुद्ध-अशुद्ध नव्हे. प्रोबकडे येणारं एका रंगात, लांब जाणारं दुसऱ्या रंगात. कोणता रंग कशाला हे मशीनवरच्या एका बटनाने उलटं करता येतं. तुम्ही बघितलंत तो रंग बदलणं हाच रिफ्लक्स होता.

भौतिकीचे_मास्तर | रविवार, सकाळी ६:२०

सगळे झोपलेले दिसता. पहाटेचा चहा घेऊन लिहितो.

डॉपलर हे माणसाचं नाव आहे, हे आमच्या वर्गात सांगितलं की मुलांना नवल वाटायचं. ख्रिश्चन डॉपलर, ऑस्ट्रियन. १८४२ साली प्रागमध्ये त्याने हा सिद्धान्त मांडला, तोही आकाशातल्या ताऱ्यांच्या रंगाबद्दल. रक्ताचा तिथे संबंधच नव्हता. १८४५ मध्ये हॉलंडात बॉइस बॅलट नावाच्या शास्त्रज्ञाने त्याची परीक्षा घेतली. चालत्या रेल्वेगाडीवर तुतारीवाले बसवले, रुळांशेजारी कान तयार असलेले वादक उभे केले. गाडी जवळ येताना सूर चढा ऐकू आला, लांब जाताना उतरलेला. पातालपानीच्या गाडीची शिट्टी लहानपणी ऐकली असेल त्याला वेगळं सांगायला नको.

रक्ताच्या बाबतीत गाडी म्हणजे तांबड्या पेशी. प्रोब आवाज सोडतो, पेशींवर आपटून तो परत येतो, सूर किती बदलला त्यावरून वेग कळतो. मात्र प्रोब शिरेला अगदी काटकोनात धरला तर सूर बदलतच नाही, रक्त वाहत असूनही पडद्यावर काही दिसत नाही. म्हणून वेग मोजताना ६० अंशांच्या आत कोन ठेवतात. मशीन एकच असलं तरी हात कोणाचा यावर बरंच अवलंबून, ते यामुळेच. निळी_रेघ ताई, चुकलो असेन तर दुरुस्त करा.

निळी_रेघ | रविवार, सकाळी ७:४५

मास्तर, एक अक्षर बदलायला नको. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना कोनाचा धडा द्यायला तुम्हालाच बोलवावं लागेल.

आजीची_नात | रविवार, सकाळी ९:१२

मी एक कळकळीने सांगते. पायाच्या डॉपलरला उपाशी जायचं नसतं.

आमच्या आजीची टेस्ट होती. सेंटरवर फोन केला तर सांगितलं, सोनोग्राफी आहे ना, खाली पोट लेकर आइए. आजीने सकाळचं इन्सुलिन मात्र घेतलं, कारण ते कधी चुकवायचं नाही असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. नंबर लागायला साडेअकरा वाजले. बाकावर बसल्या बसल्या तिला घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं, माझा हात धरून मला आईच्या नावाने हाक मारली. समोर पोहे-जिलेबीचं दुकान होतं म्हणून वाचलो. जिलेबीचा पाक बोटाने तिच्या जिभेवर लावला आहे मी. शुद्धीवर आल्यावर दोन ग्लास साखरपाणी दिलं. नंतर मोजली तेव्हा साखर ५४.

उपाशी पोट लागतं ते पोटाच्या सोनोग्राफीला. पायाला नाही. फोनवर बोलणाऱ्याला माहीत नसेल तर दोनदा विचारा, आत डॉक्टरांना विचारायला लावा.

ओटीवाली_सिस्टर | रविवार, सकाळी ९:४०

आजीची_नात, शाब्बास गं. फक्त पुढच्या वेळी एक लक्षात ठेव. माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात पातळ काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. सरळ दवाखाना. तू पाक बोटाने लावलास ते ठीक केलंस.

देवासकर_वसंत | रविवार, सकाळी १०:३०

माझं मत जरा वेगळं आहे. या दोन टेस्ट, की तीन टेस्ट, हा घोळच कशाला? ज्यांना दहा वर्षांच्या वर साखर आहे त्यांनी दरवर्षी दोन्ही पायांच्या दोन्ही डॉपलर करून घ्याव्यात. गेल्या महिन्यात एका शिबिरात पायाचं पॅकेज घेतलं, सगळं त्यात होतं. मन शांत झालं. पैसे जातात, पण पाय गेला तर काय किंमत?

निळी_रेघ | रविवार, सकाळी ११:१५

वसंतकाका, तुमची काळजी समजते, तरी मी सहमत नाही. हे माझ्याच पोटावर पाय देणारं मत आहे, तरी देते.

सूज नाही, दुखणं नाही, फुगलेल्या शिरा नाहीत, जखम नाही, अशा माणसाच्या शिरांची डॉपलर दरवर्षी काढून हाती काही लागत नाही. साखर मुख्यतः बिघडवते त्या धमन्या आणि चेता, म्हणजे नर्व्हज. वर्षातून एकदा नक्की करायचं ते असं. डॉक्टरांनी मोजे काढायला लावून पाय बघायचे, बोटांच्या बेचक्यांत बघायचं. १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तारेने तळव्याला स्पर्श कळतो का ते बघायचं. १२८ हर्ट्झचा चिमटा अंगठ्याला लावून कंप कळतो का ते बघायचं. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपायची. नाडी लागली नाही किंवा शंका आली तर पायाचं आणि हाताचं प्रेशर मोजून गुणोत्तर काढायचं. यातलं काही चुकतंय असं दिसलं की मग धमन्यांची डॉपलर.

पॅकेजमध्ये हे हाताने बघणं होतं का? की मोजे अर्धवट सरकवून थेट प्रोब लावला?

देवासकर_वसंत | रविवार, सकाळी ११:३२

तार वगैरे नव्हती. तळवे कोणी बघितले नाहीत. उद्या आमच्या डॉक्टरांना सांगतो. चिमटा म्हणजे ट्यूनिंग फोर्कच ना?

निळी_रेघ | रविवार, सकाळी ११:३४

तोच.

जुनीइंदूर_काकू | रविवार, दुपारी १:२०

मीना, इतकं मशीन-मशीन करायच्या आधी मालिश करून बघितलीस का? आमच्याकडे एक बाई येते, एरंडेल कोमट करून पोटरीपासून वर चोळते. माझ्या पायाची सूज दोन दिवसांत उतरते. गरम पाण्यात मीठ टाकून पायही बुडवते मी. आमच्या सासूबाईंनी याच्यावरच ऐंशी गाठली.

ओटीवाली_सिस्टर | रविवार, दुपारी १:४८

काकू, राग मानू नका, तुमच्या वयाचा मान ठेवूनच लिहिते. दोन गोष्टी मी वॉर्डात स्वतः बघितल्या आहेत.

एका पायाची सूज अचानक आली आणि आत गुठळी असली, तर जोराने चोळल्यावर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. शिरांची डॉपलर होऊन गुठळी नाही असं कळेपर्यंत सुजलेला पाय चोळायचाच नाही.

दुसरं गरम पाणी. साखरेने तळव्यांना चटका कळेनासा होतो. एक आजोबा थंडीत पाय शेकायला बसले, पाणी किती गरम ते कळलंच नाही. सुनेने बघितलं तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड होते, कातडी मोज्यासारखी सुटून आली होती. पाणी बघायचंच असेल तर कोपराने बघा. पायाने नाही.

जुनीइंदूर_काकू | रविवार, दुपारी २:०५

कोपराने बघेन गं. बाईलापण सांगते. मला साखर आहे हे मी इथे लिहिलंच नव्हतं.

लोकमान्यनगर_अजय | रविवार, संध्याकाळी ५:५०

हा धागा कालपासून वाचतोय, लिहू की नको करत होतो. लिहितोच, कारण एका शब्दाने माझा भाऊ जवळजवळ गेला होता.

भाऊ ४८, साखर आठ वर्षांची. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले. शुक्रवारी संध्याकाळी पोटरी सुजली, शिरांची डॉपलर केली. रिपोर्ट हातात आला तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. मी शिकलेला माणूस, म्हटलं वाचूया. लिहिलं होतं, 'सुपरफिशियल फिमोरल व्हेन'मध्ये थ्रॉम्बोसिस, म्हणजे गुठळी. सुपरफिशियल म्हणजे वरवरची, एवढं इंग्रजी मला येतं. म्हटलं, वरची शीर आहे, खोलातली नाही, सोमवारी दाखवू. भावाला म्हणालो, काही नाही रे, वरचं आहे. तोही निश्चिंत झाला, मॅच बघत बसला.

रविवारी पहाटे चार वाजता वहिनीचा फोन. श्वास लागलाय, ओठ निळे पडलेत. गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेला होता. आयसीयूत सहा दिवस. वाचला.

नंतर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की नाव सुपरफिशियल असलं तरी ती मांडीतली खोल शीर आहे. जुनं नाव आहे, त्यात लोक चुकतात, म्हणून आता नुसतं 'फिमोरल व्हेन' म्हणायचं ठरलंय. पण जुनं नाव अजून लिहिलं जातं. आमच्या रिपोर्टवर होतं.

त्यात माझीच चूक होती. मी फोन करायला हवा होता, त्याच संध्याकाळी. तुमच्या रिपोर्टमध्ये हा शब्द दिसला आणि पुढे थ्रॉम्बस लिहिलेलं असलं, तर सोमवारची वाट बघू नका.

निळी_रेघ | रविवार, संध्याकाळी ६:२०

अजय, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. चूक तुमच्या एकट्याची नाही. गुठळी दिसली की रिपोर्ट लिहिण्याआधी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा हा आमचा धर्म आहे, आणि तो फोन त्या दिवशी झाला नाही.

यात एक भर घालते. पहिल्या दिवशी डॉपलर नॉर्मल आली, पण सूज-दुखणं तसंच राहिलं, तर पाच-सात दिवसांनी परत करायची असते. पोटरीतल्या बारीक शिरांमधली गुठळी पहिल्या खेपेला निसटू शकते आणि वर सरकली की दिसते. जाड पाय, जास्त सूज, जखमेवरची पट्टी, यांनीही बघायला अडचण होते.

सुदामानगरचा_नंदू | रविवार, संध्याकाळी ६:३१

अजयदादा, अंगावर काटा आला. भाऊ आता कसे आहेत?

लोकमान्यनगर_अजय | रविवार, संध्याकाळी ६:४०

रोज सकाळी नेहरू पार्कात चालतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा महिने होत्या, आता बंद.

बडोद्याची_सुनंदा | रविवार, रात्री ८:१५

माहेर इंदूरचं, म्हणून या गटात आहे. माझ्या बाबांचं सांगते, कारण सूज म्हटली की सगळे शिरांकडे धावतात.

त्यांचं उजवं पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं. दुखणं जवळजवळ नाही, म्हणून ते चालतच होते. शिरांची डॉपलर नॉर्मल. मग संसर्ग म्हणून दोन आठवडे अँटिबायोटिक. ताप नाही, रक्तात काही नाही, पाऊल मात्र तसंच. शेवटी एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी उभं राहायला लावून एक्स-रे काढला आणि लगेच खुर्चीत बसवलं. पावलाच्या मधली हाडं मोडून सरकली होती. शार्को फूट म्हणतात त्याला. संवेदना गेलेल्या पायात हाडं आतल्या आत खचतात आणि माणसाला कळतही नाही. तीन महिने प्लास्टर, पावलावर वजन नाही. तळव्याची कमान गेली ती गेलीच, आता मुद्दाम बनवलेले बूट घालतात.

साखर, बधिर पाय, लाल-गरम सूज आणि डॉपलर साफ, तर हाडांचं विचारा. सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, तेव्हा एमआरआय लागतो.

स्नेहलतागंजचा_फार्मसीवाला | रविवार, रात्री ८:५०

दुकानावर बसून लिहितोय. दोन्ही पाय सारखे सुजलेले असतील तर पिशवीतल्या गोळ्यापण बघा. प्रेशरची अॅम्लोडिपिन, साखरेची पायोग्लिटाझोन, मुंग्या-आगीसाठी दिलेली प्रीगाबालिन, तिन्हींनी पाय सुजू शकतात. एकाच माणसाच्या चिठ्ठीत तिन्ही मी कित्येकदा बघतो. लघवीतून प्रोटीन जाणं आणि हृदय ही कारणं तर आहेतच. स्वतःच्या मनाने कोणी बंद करू नका, पिशवी उचलून डॉक्टरांसमोर ओता.

जुनीइंदूर_काकू | रविवार, रात्री ९:१०

अवांतर आहे, पण विचारते. हे धमनी, शीर, नस, नाडी काय भानगड आहे? माझे वडील रोहिणी आणि नीला म्हणायचे.

भौतिकीचे_मास्तर | रविवार, रात्री ९:३५

काकू, अवांतर नाही, मला तर सगळ्या घोळाचं मूळ इथेच दिसतं. जुन्या मराठी पुस्तकांत रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी, नीला म्हणजे परत आणणारी. नंतर पुस्तकांत धमनी आणि शिरा आलं. पण घरात आपण 'शीर' कशालाही म्हणतो. मानेची शीर ताठली म्हणतो तेव्हा तो स्नायू असतो, शीर तटतटली म्हणतो तेव्हा रक्ताची. त्यात इथे आपण दिवसभर हिंदीत बोलतो, आणि हिंदीतली 'नस' म्हणजे रक्तवाहिनीपण आणि चेतापण. 'नस दब गई' म्हणजे चेता, 'नस फूल गई' म्हणजे शीर, 'नस में ब्लॉकेज' म्हणजे धमनी. मीनाच्या यजमानांनी 'नसांची करा' म्हटलं ते भाषेप्रमाणे बरोबरच होतं. नीला हा शब्द मला आवडतो. निळी दिसते ती नीला, मुलं विसरत नाहीत.

आजीची_नात | रविवार, रात्री ९:४२

म्हणून आपल्या डॉक्टरताईंचं नाव निळी_रेघ! आत्ता ट्यूब पेटली. 😄

ओटीवाली_सिस्टर | सोमवार, सकाळी ७:३०

रात्रपाळी संपली. जायच्या आधी मीनाताईंसाठी.

जखम कुठे आहे यावरून आम्ही पहिला अंदाज बांधतो. आतल्या घोट्याच्या वर, उथळ, ओली, भोवती तपकिरी कातडी, ती बहुधा शिरेची. बोटांच्या टोकाला किंवा टाचेला, कोरडी, कडा कापल्यासारख्या, रात्री ठणकणारी आणि पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटणारी, ती धमनीची. तळव्याला, घट्ट्याच्या मधोमध, न दुखणारी, ती बधिरपणाची. साखरेच्या पेशंटमध्ये तिन्ही एकाच पायात असू शकतात, म्हणून अंदाजावर थांबत नाहीत.

आणि सासूबाईंना नेताना सैल परकर आणि गाऊन घेऊन जा. जांघेपर्यंत बघावं लागतं. नऊवारी नेसून आलेल्या एक आजी टेबलावर संकोचाने इतक्या आखडल्या होत्या की पोटरी दगडासारखी झाली, शीर दाबलीच जाईना. बाईमाणूस जवळ उभं राहिलं, चादर नीट पांघरली, की त्या सैल होतात. जेल गार लागतं तेही आधीच सांगून ठेवा.

रामबागची_मीना | गुरुवार, रात्री १०:१०

चार दिवस धावपळ होती, आज सगळं सांगते.

सोमवारी धमन्यांची डॉपलर केली. खाऊन गेलो, आजीच्या नातीची आठवण काढत. परकरही नेला. टेबलावर मी हात धरला होता, त्या म्हणाल्या, "मीना, माझ्या पायाचा आवाज येतोय बघ." खरंच येत होता, सप सप सप असा, चाबकासारखा. शिरांच्या वेळी वाऱ्यासारखा येत होता.

गुडघ्याखालच्या धमन्यांच्या भिंतींत चुना साठलाय असं निघालं. मग पायाचं आणि हाताचं प्रेशर मोजलं. गुणोत्तर १.५ आलं. मी खूश झाले, कारण घरी वाचलं होतं की ०.९ च्या खाली आलं तर वाईट. सर्जन म्हणाले, १.४ च्या वर गेलं तर तेही बरोबर नाही. धमनी इतकी कडक झालीय की प्रेशर मोजायच्या पट्ट्याने दाबली जात नाही, म्हणून आकडा खोटा वर जातो. त्यांनी मग अंगठ्याला एक इवलासा पट्टा बांधून तिथलं प्रेशर घेतलं, अंगठ्याच्या धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत म्हणे. ते गुणोत्तर ०.७४ आलं. ०.७ च्या वर आहे, म्हणजे रक्त पुरेसं पोचतंय.

सीटी अँजिओग्राफीचा विषय निघाला होता. पण त्यात आयोडीनचं औषध शिरेतून द्यावं लागतं, सासूबाईंचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंड कमजोर. ते म्हणाले, आत्ता गरज नाही, रक्त कमी पडतंय असं दिसलं असतं तर विचार केला असता.

मंगळवारी पहिला पट्टा बांधला, हलक्या दाबाचा. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, बोटं उघडी ठेवून. दर दोन तासांनी बोटांचा रंग बघायला सांगितलाय. हे रात्री गजर लावून उठतात आणि टॉर्च मारतात. काल सासूबाई म्हणाल्या, "अरे, मला झोपू दे, बोटं कुठे पळून जात नाहीत."

आज पट्टा सोडला. सूज इतकी उतरलीय की घोट्याचं हाड दिसलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा. जखम अजून तेवढीच आहे, पण कोरडी. चादरीवर डाग नाही.

जुनीइंदूर_काकू | गुरुवार, रात्री १०:२५

देव पावला गं. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. डॉक्टरांनी माझ्यापण तळव्यांना तार लावली आज. दहापैकी तीन जागी कळलंच नाही. आता चपलेशिवाय अंगणात जायचं नाही असं बजावलंय.

निळी_रेघ | गुरुवार, रात्री १०:४०

मीनाताई, अंगठ्याचं प्रेशर घेणारे सर्जन मिळाले, फार बरं झालं. जखम भरली की त्या रिफ्लक्सवाल्या शिरेचं काय करायचं ते विचारा, आता लेसरने आतून बंद करता येते. तेव्हा तुमचा तो पहिला १,८०० चा रिपोर्टच कामाला येईल, जपून ठेवा.

काकू, घरातसुद्धा चप्पल. आणि घालण्याआधी हात घालून आत खडा वगैरे नाही ना ते बघायचं.

रामबागची_मीना | गुरुवार, रात्री १०:४८

ठेवलाय, तांदळाच्या डब्यावरच्या फायलीत. एकच शेवटचं. जखम भरल्यावर घालायच्या मोज्यांचं माप घ्यायला दुकानदाराने संध्याकाळी बोलावलंय. तेव्हा गेलं तर चालेल?

ओटीवाली_सिस्टर | गुरुवार, रात्री १०:५५

संध्याकाळी नको ताई, तोवर पाय परत सुजतो आणि मोजा सैल बसतो. सकाळी उठल्या उठल्या, पाय पलंगावरून खाली टेकवायच्या आधी घरीच टेप लावा. घोट्याच्या वरचा सगळ्यात बारीक भाग, पोटरीचा सगळ्यात जाड भाग आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागपर्यंतची लांबी. तीन आकडे कागदावर लिहून दुकानात द्या.